राउंडवरचं 'बरं आहे'

वैद्यकीय समाजशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या केतकी उरणकरची खुली तोंडी परीक्षा होती. परीक्षक डॉ. धारवाडकर दोन तास उशिरा आले आणि आल्याआल्या प्रबंध बाजूला सारून म्हणाले, "रुग्ण आम्हाला घाबरून दुखणं लपवतात म्हणे. मी राउंडवर प्रत्येकाला स्वतः विचारतो. सगळे 'बरं आहे' म्हणतात."

केतकी म्हणाली, "सर, मागे बसलेल्या विद्यार्थ्यांना विचारता का, तुमची वाट पाहून त्रास झाला का म्हणून?"

डॉक्टरांनी मान वळवून विचारलं. उपाशी ताटकळलेली पोरं एका सुरात म्हणाली, "नाही सर, अजिबात नाही."

"रुग्णही असंच बोलतात," केतकी म्हणाली. "ही मुलं आता जेवायला जातील. तुमच्याच वॉर्डातले गुरवकाका गेल्या वर्षी एका सकाळी तुम्हाला 'बरं आहे' म्हणाले होते. त्याच दुपारी गेले."