तांदळातलं नाव

त्या राज्यात रस्ते नव्हते. या घरचं सुखदुःख त्या घरी पोचवायचं, ते तारांनीच. तारा बोलत्या, तोवर राज्य जितं.

एका भिंतीवर मायफळी नावाची एक फळी राहायची. तिच्या अंगावर बारा भोकं. त्यांतून अकरा लेकी-तारा भिंतीत शिरून पलीकडच्या थोरल्या घरी नांदायला गेलेल्या. धाकटी उमी अजून वेटोळं करून आईपाशीच. प्रत्येक भोकाखाली मायफळीनं लेकीच्या नावाची चिठ्ठी डकवली होती. दर शुक्रवारी ती चिठ्ठ्या पुसायची, हळदीकुंकवाचं बोट लावायची. पाठवणीच्या वेळी तिचं मागणं दोनच गोष्टींचं. "इथं जे नाव, तेच तिथंही असू द्या. आणि हातभर सैल ठेवा हो. पुढेमागे लेकीला हलावं लागलं तर?"

पलीकडे सासवा राहायच्या, तारांची टोकं पोटात घेणाऱ्या खोबणी. लेक उंबऱ्याशी आली की खोबण ताटात तांदूळ पसरायची आणि बोटानं तिचं नवं नाव काढायची. लेकीसोबत आलेली माहेरच्या नावाची चिठ्ठी केरात जायची. हातभर सैल पाहून खोबण म्हणायची, "हे काय लोंबतंय? माहेरी पळायची सोय वाटतं?" मग आवळपट्टी यायची आणि साऱ्याजणींची एकच मोळी करकचून बांधायची. येणारेजाणारे म्हणत, काय नीटनेटकं घर!

रोज सकाळी अकराजणींची खुशाली यायची. एका मंगळवारी दुर्गीचा शब्द चिरकत आला. "आई, दार बसवलंय... माझ्यावरच..." मग नुसतं "दा... दा..." आणि पुढं काही नाही.

मायफळीनं भिंतीतल्या मुंगीमावशीला धाडलं. मावशी दोन दिवसांनी तोंड पाडून परतली.

"तिथं दुर्गी कुणी नाहीच म्हणतात गं. सौदामिनी आहे, वैजयंती आहे, सुहासिनी आहे."

"दाराखाली आहे ती!"

"दारं चार आहेत, माये. आणि मोळी अशी आवळलीय की मुंगीलाही आत फट नाही."

"मग गप्प कोण झाली, ते तरी विचारायचंस."

"विचारलं ना! खोबण म्हणाली, आमच्याकडे सगळ्याच कमी बोलतात, वळणच तसं आहे."

मायफळीनं दुर्गीचं टोक हलकेच ओढून पाहिलं. तिकडे जी हलेल, ती दुर्गी. पण मोळीतून अकराहीजणी एकदमच थरथरल्या.

मग कैचीबाई आल्या. मुकी तार ठेवायची नाही, असा राज्याचा दंडक होता.

"मुकी नाही हो ती, दबलीय," मायफळी काकुळतीनं म्हणाली.

"नाव?"

"दुर्गी."

कैचीबाईंनी पलीकडची यादी चाळली. दुर्गी नव्हती. त्यांच्या घरी स्वयंपाक खोळंबला होता, म्हणून पलीकडे जाऊन त्यांनी अंदाजानं एक धरली आणि कापली. इकडे दुसऱ्याच लेकीचा, यमीचा शब्द मधेच तुटला. पुरणात वेलदोडे किती घालू, एवढंच ती आईला विचारत होती.

"अजून एक गप्प दिसतेय," कैचीबाई म्हणाल्या. "पुन्हा येईन."

मायफळीनं मीठ सोडलं, दिवा लावला. तेवढंच तिच्या हाती होतं. कुणाकडे काही बोलायचंही तिला आता भय वाटे. लेकीचं नाव घ्यावं, तर दुसऱ्याच लेकीवर घाव पडायचा.

मार्गशीर्षात उमीची पाठवणी ठरली. या खेपेला मायफळीनं काहीच मागितलं नाही. मुंगीमावशी मात्र आपल्या गोतावळ्यासह उमीच्या मागोमाग गेली.

पलीकडे ताट आलं. खोबणीनं ठसठशीत नवं नाव काढलं आणि ती औक्षणाचं तबक आणायला आत वळली. परतली तेव्हा ताट लख्ख रिकामं होतं.

"काय बरं नाव काढलं होतं मी?" खोबणीनं विचारलं. कुणालाच आठवेना. उमी उमीच राहिली.

इकडे भिंतीतून मुंग्यांच्या तोंडी तांदळाच्या पांढऱ्या दाण्यांची एक रांग चालत आली आणि दुर्गीच्या भोकाखाली थांबली. शुक्रवार होता. मायफळीनं चिठ्ठी पुसली, बोट लावलं, आणि दुर्गीचा शब्द येतो का, म्हणून भोकाला कान लावून ती उभी राहिली.