वाट आणि पाट

डोंगरउतारावरच्या एका गावात धोंडू नावाचा एक बागाईतदार होता. त्याची पोफळीची बाग खालच्या अंगाला, तर शेजारी राघोचं घर वरच्या अंगाला. राघोची सडकेकडे जायची वाट धोंडूच्या बागेतून होती, आणि धोंडूच्या बागेचं पाणी राघोच्या जमिनीतून पाटानं यायचं. दोघांच्या बापांनी तसं तोंडी ठरवलं होतं आणि ते बिनबोभाट चाललं होतं.

एके दिवशी जाता जाता राघोच्या गुरांनी धोंडूची नवी रोपं खाल्ली. धोंडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाट कायमची बंद करायची, असं त्यानं ठरवलं. आधी त्याला मुकादम वकील आठवले. पण ते गृहस्थ विचित्र. सल्ला द्यायच्या आधी इतके प्रश्न विचारत, की पक्षकाराला वाटावं, आरोपी आपणच! वर त्याची फीही घेत.

तालुक्याला आता कायदा सांगणारा कॉम्प्युटर आला होता. सगळी कलमं त्याला तोंडपाठ आणि उलट प्रश्न एकही नाही. धोंडू त्याच्याकडे गेला.

"माझ्या बापानं शेजाऱ्याला मायेपोटी वाट दिली. लिखापढी नाही. बंद करता येईल का?"

"मायेपोटी दिलेली परवानगी काढून घेता येते," कॉम्प्युटरनं क्षणात सांगितलं.

धोंडू हरखला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही त्याची जुनीच खोड. आता तिला कायद्याचा टेकू मिळाला. त्यानं वाटेवर दगडांचा गडगा घातला.

राघो भांडायला आला नाही. तोही त्याच कॉम्प्युटरकडे गेला आणि म्हणाला, "माझ्या बापानं शेजाऱ्याला मायेपोटी पाणी दिलं." त्याला उत्तर तेच मिळालं. परत येऊन त्यानं पाटाचं तोंड मातीनं बुजवलं.

चैत्र तापला. बापानं लावलेल्या पोफळी धोंडूच्या डोळ्यांदेखत सुकू लागल्या. तो धावत कॉम्प्युटरकडे गेला. "आमच्यात बरोबर कोण?"

"तुम्ही दोघांनी जे सांगितलंत, त्यावरून दोघंही."

अखेर धोंडू मान खाली घालून मुकादम वकिलांची पायरी चढला. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत विचारलं, "धोंडू, वाट मायेपोटी दिली होती, की पाण्याच्या बदल्यात?"

"पाण्याच्या बदल्यात," धोंडू पुटपुटला.

"हे कॉम्प्युटरला सांगितलं होतंस?"

"त्यानं विचारलंच नाही, साहेब."

"आणि मी विचारीन म्हणून तू इकडे आला नाहीस. फी ठेव, घरी जा आणि पहार हातात घे."

धोंडूला लाज वाटली. त्यानं स्वतःच्या हातांनी गडगा मोडला. राघो वरून पाहत होता. त्यानंही कॉम्प्युटरपासून तेच झाकलं होतं. त्यानं फावडं उचललं आणि पाटाकडे गेला.

संध्याकाळी बागेत पाणी आलं. बरीच झाडं तगली. वाटेकडची काही मात्र वाळून गेली होती. जाता-येता ती दोघांनाही दिसत.

तात्पर्य: आपण सांगू तेवढ्यावर निवाडा यंत्रही देईल, पण आपण झाकलेलं आपल्याच तोंडून वदवून घेणारा वकील सोडू नये.