फ्यूज कुणाच्या खिशात

"पण मिस्त्री, यंत्रात हात घालताना त्यानंच बघायला नको होतं?"

धैर्यशील मगदूम अंगणात उभ्यानंच विचारत होता. आता साखर कारखान्याचा देखभाल-प्रमुख. पण पाना धरायला शिकला तो बाबालाल मिस्त्रींकडंच. परवा दुरुस्ती करताना सिद्राम फिटरचा उजवा हात चिपाड वाहणाऱ्या पट्ट्यात सापडून तुटला, कोपरापासून. अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहून झालं होतं. त्या एका ओळीवर सिद्रामची नोकरी जाणार होती, आणि खाली जुना जाणकार म्हणून मिस्त्रींची सही हवी होती.

"फ्यूज कुठं होता?"

"माझ्या केबिनमध्ये."



मिस्त्रींच्या काळी यंत्रात हात घालणारा आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा, मगच वाकायचा. एखादा फ्यूज खिशात ठेवून तसाच चहाला गेला, की पट्टा अर्धा तास अडायचा. म्हणून या पठ्ठ्यानं प्रमुख झाल्यावर नवा नियम काढला. फ्यूज साहेबाकडं, यंत्रावर नुसती पाटी. वा रे हुशारी, हात एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा.

"परत बसवायला कुणी सांगितलं?"

"मीच. मला वाटलं, काम उरकलं असेल…"

"वाटलं."

मिस्त्री उठले. पडवीतल्या बोर्डावरून कडबाकुट्टीच्या यंत्राचा फ्यूज काढून त्यांनी सुनेच्या हातात दिला. "रेहाना, इथंच उभी राहा. काम उरकलंसं तुला वाटलं, की बसव."

मग एका पुठ्ठ्यावर कोळशानं 'काम चालू आहे' लिहून तो कुट्टीला टांगला.

"पात्यात कडबा अडकलाय. काढ."

मगदूमनं बाही सारली. हात पात्यापर्यंत गेला… आणि तिथंच थांबला. त्यानं रेहानाकडं पाहिलं.

"आधी तो फ्यूज माझ्याकडं द्या, मिस्त्री."

"पाटी लावलीय की."

"पाटीनं काय होतंय? पातं आहे ते."

मिस्त्रींनी फ्यूज आणून त्याच्या खिशात टाकला. वरून दोनदा थोपटलं.

मगदूमनं अहवाल पुढं केला. आवाज खाली आला होता. "मग… सहीचं?"

"आधी सिद्रामची सही आण. उजव्या हाताची. तिच्याखाली मी करतो."