धूम्रायणाच्या जटा

कृतयुग सरत आले होते, धर्म अजून चार पायांवर उभा असला तरी त्यातला एक पाय अधूनमधून उचलून पाहत होता, अशा काळी पयोष्णीच्या तीरावर धूम्रायण नावाचा ऋषी राहत असे. कदंबांच्या छायेने शीतल, पुष्पभाराने वाकलेल्या लतांनी वेढलेला आणि मृगशावकांनी गजबजलेला त्याचा आश्रम इतका रम्य होता की, तिथे राहून तप न करायलाच विशेष सामर्थ्य लागावे. ते सामर्थ्य धूम्रायणापाशी मुबलक होते.

त्या काळी ऋषिसभेत जटा पाहून आसन मिळे. ध्यानात बुडालेल्याला विंचरायचे भान राहू नये, गळलेला केस शेजारच्यात अडकावा, त्याला तिसऱ्याने विळखा घालावा, आणि अशी वर्षे लोटता लोटता मस्तकावर आपोआप दोर वळले जावेत, ही जटेची रीत. तप काही मोजता येत नाही, केस मोजता येतात. म्हणून या ज्ञानी मंडळींनी केस मोजायला घेतले. धन्य त्यांची!

विदर्भाचा राजा क्रथसेन याने महासत्र मांडले आणि दीर्घतम जटाधराला अग्रासन जाहीर केले. धूम्रायणाच्या तोंडाला पाणी सुटले. पण हा महात्मा कालपर्यंत इंगुदीचे तेल चोपडून भांग पाडत होता. केस विरळ, जेमतेम मानेपर्यंत. मग याने काय करावे? वडाचा चीक आणला, केसांना फासला, आणि भर कमी पडली म्हणून कोपऱ्याकोपऱ्यांतून मांजरीची लव गोळा करून त्यांत वळली.

ती मांजरी पत्नी शालावतीची. नाव पिंगाक्षी. माहेराहून सोबत आलेली, नीवाराची कणगी उंदरांपासून राखणारी. ती जवळून गेली की धूम्रायणाला शिंका येत, अंगणात निजली की त्याच्या छातीत शीळ वाजे. वैद्य या व्याधीला तमकश्वास म्हणतात. व्याधीत लाज कसली? ती कुणालाही होते. पण जिच्या लवेने श्वास कोंडतो ती लव हौसेने डोक्यावर थापून घेणारा शहाणा त्रिभुवनात हा एकच निपजला.

कटीपर्यंत लोंबणाऱ्या त्या जटा पाहून ऋषिगण थक्क झाले. धूम्रायणाच्या डोळ्यांतून अखंड पाणी वाहू लागले. लोक म्हणाले, भक्तीचे अश्रू! छाती घरघरू लागली. लोक म्हणाले, अंतरी ओंकार घुमतो आहे! हा गप्प राहून मान डोलवी. वरून कीर्तन, आतून तमाशा.

नखे निळी पडू लागली तेव्हा मात्र तो गरजला, "शालावती! ही मार्जारी माझ्या प्राणांची वैरीण आहे. हिला नदीपार टाकून ये!" चोराच्या उलट्या बोंबा! शालावतीने पिंगाक्षीला उराशी धरले, पैलतीरावरच्या मैत्रिणीकडे सोडले, आणि येताना वाटभर रडली.

तरी घरघर थांबेना. एके सकाळी पतीच्या पाठीला तेल चोळताना तिला काळ्या जटेत पिंगट तंतू दिसले. तिने ते हुंगले, आणि सगळे तिच्या ध्यानात आले.

"स्वामी, मी तिला उगाच घालवली. मांजरी तर तुमच्या माथ्यावर बसली आहे! वस्तरा आणते, आत्ताच्या आत्ता हे उतरवा."

"आणि अग्रासन?"

"अहो, जीव जातोय तुमचा!"

"जटाहीन जगण्यापेक्षा..." पुढचे शब्द खोकल्यात गेले. ते फारसे मोलाचे नसावेत.

सत्राच्या दिवशी अग्रासनावर बसून धूम्रायणाने मंत्र उच्चारायला तोंड उघडले आणि श्वास तिथेच अडकला. डोळे बाहेर आले. शालावतीने आक्रोश करून वायुदेवाला हाक मारली. यज्ञमंडप थरारला, ध्वज फडफडले, आणि प्राणांचा स्वामी प्रभंजन साक्षात प्रकटला.

"मूढा, मी येऊ कुठून? दारावर तूच लव थापली आहेस. ही जटा या सभेसमोर उतरव, मी तुला पूर्ण श्वास देतो. एका वराइतका श्वास तुझ्यात उरला आहे. माग!"

सारी सभा पाहत होती. शालावतीने पतीचे पाय धरले. "श्वास मागा हो! मी हात जोडते, श्वास मागा!"

धूम्रायणाने सभेकडे पाहिले, जटेवर हात ठेवला आणि म्हणाला, "माझ्या जटा... अक्षय राहोत."

"तथास्तु," वायू म्हणाला. त्या स्वरात इतका तिटकारा होता की अग्नीसुद्धा कुंडात खाली बसला.

धूम्रायण कोसळला. चितेने त्याचा देह घेतला, पण जटा तशाच राहिल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे तिथे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

मग वायूने ऋषिसभेला शाप दिला: "जटेवरून तपस्वी ओळखता काय? तर यापुढे जो कुणी फणी खाली ठेवील त्याच्या केसांना जटा होतील. तप नको, आळस पुरेल. आता ओळखा!"

शालावती डोळे पुसत म्हणाली, "देवा, यांच्या मूर्खपणापायी या व्याधीला कलंक लागू नये. ज्यांची छाती खरेच भरून येते, त्यांचे काय?"

वायूचा स्वर निवला. "मुली, जो मांजरीपासून दूर बसेल, खिडकी उघडी ठेवील आणि श्वासाची लाज बाळगणार नाही, त्याच्या घरी मी रोज येईन."

इतक्यात नदी ओलांडून पिंगाक्षी आली. आली ती शालावतीकडे गेलीच नाही. राखेतल्या त्या अक्षय जटा तिने हुंगल्या, आपली लव ओळखली, आणि त्यांवर वेटोळे घालून झोपी गेली.

म्हणून आजही भरल्या बैठकीत मांजर येते ते सगळ्यांना ओलांडून नेमके शिंकणाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसते. आपले काही याने चोरले आहे का, ते बघत असते.