विळ्याला गोळी न्हाई

एकदा काय झालं, डोंगरात बंड उठलं अन् ते मोडायला एका म्हाताऱ्या सुभेदाराला धाडलं. भित्रा नव्हता गडी, अंगावर सात वार व्हते. त्याच्या हाताखाली लढाई शिकायला एक तरणा शिपाई. डोकं लई तापट, अन् बंडवाल्यांनी त्याचा सख्खा भाऊ मारलेला.

पायथ्याच्या गावात शाळूचं पीक उभं, पण कापायला माणूस न्हाई. गडी सगळे वर, बंडात. शिपाई म्हणाला, "सुभेदार, काडी लावतो. दाणा संपला की मरतील वर."

"वर न्हाई, खाली मरतील. म्हाताऱ्या अन् लेकरं. बंदूक ठेव, विळा घे."

पहिलं रान सोमा नावाच्या बंडवाल्याचं व्हतं. त्याच्या आईदेखत फौजेनं दोन दिवस कापणी केली. शिपाई दातओठ खात व्हता. कोपऱ्यातला थोडा शाळू मात्र सुभेदारानं उभा ठेवला. म्हातारीला म्हणाला, "शेवटची पेंढी धन्याच्या हातची. सोमाला सांग, विळा घिऊन ये. कुणी बोट लावणार न्हाई."

"अन् फसवलंस तर?"

"तर तूबी डोंगरावर जा, माय. मीच म्हणंन, बरोबर केलंस."

तिसऱ्या दिशी भर उन्हात सोमा उतरला. हातात नुसता विळा. शिपायानं बंदूक उचलली, सुभेदारानं नळी खाली दाबली.

"ह्यानंच माझा भाऊ मारला असंल."

"असंल. बंदूक घिऊन आला की घाल गोळी, मी आडवा येणार न्हाई. आज त्याच्या हातात काय हाय ते बघ."

सोमानं कापलं, पेंढ्या बांधल्या, आईच्या पाया पडला अन् परत डोंगर चढला. सुभेदारानं जाऊ दिला.

"सापडलेला साप सोडलात," शिपाई चिडून म्हणाला.

"मी जबान दिलती. आज त्याला मारला असता, तर उद्या गावातल्या बायाबी वर गेल्या असत्या. बंदुकीला बंदूक दाखवावी, गड्या. विळ्याला गोळी घातली की मग फौज कुठली, आपण नुसते दरोडेखोर."

त्याच्या दुसऱ्या दिशी डोंगरावरनं सात जण उतरले. ज्याची त्याची रानं उभी व्हती. हातात विळे. बंदुका वरच राह्यल्या.

शिपाई उठला, पाण्याची घागर उचलली अन् त्यांच्या बांधाकडं निघाला.