सोवळे बटाटे

"बाबा, ह्यांना मातीचा कणसुद्धा लागलेला नाही. मग हे बिघडले कसे?"

विश्वंभरने पाटी रेवणनाथबाबांसमोर ठेवली. खटावच्या माळावरच्या त्या मठात उद्या महाशिवरात्र. उपास करणाऱ्यांना प्रसादाची भाजी ह्याच बटाट्यांची मिळणार, असं त्याने पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं. आणि पाटीतला एकूणएक बटाटा हिरवा पडला होता.

हिरवा बटाटा कडू लागतो, पोटात गेला तर बाधतो. हे त्याला शिकवायला नको होतं. शेतकीची पदवी घेऊनच तो मठात आला होता, आणि आल्या आल्या त्याने मागच्या पडवीत बिनमातीची बाग उभी केली होती. काळ्या पडद्याने झाकलेल्या पेट्या, झाकणाच्या भोकांतून वर आलेली रोपं, आत अंधारात लोंबणारी मुळं आणि त्यांच्यावर पंपाने उडणारं खतपाण्याचं धुकं. बटाटे तिथेच अधांतरी धरत. विश्वंभर त्यांना सोवळे बटाटे म्हणे. म्हणताना मान जरा ताठ होई, इतकंच.

बाबांनी एक बटाटा उचलला.

"पेटीला काळा पडदा हुता न्हवं?"

"होता."

"मग ऊन कुठनं शिरलं?"

विश्वंभर पाटीतले बटाटे उगाच सारखे करू लागला.

"लोक बघायला येत होते, बाबा. दर वेळी सोडायचा, बांधायचा... म्हणून पडदा वरच बांधून ठेवला."

"बघून काय म्हनायचे?"

"...धन्य आहेस, म्हणायचे."

लोकांच्या तोंडाकडे बघण्यात बटाट्यांकडे बघायचं राहून गेलं होतं. बाबा हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी आहे. उद्या सगळ्यांसमोर कबूल करतो. ही पाटी डोक्यावर घेऊन मंडपात उभा राहतो आणि तसाच मठ सोडून जातो."

"भर मंडपात?"

"हो."

"म्हंजे पडदा पुन्ना वरच बांधायचा."

विश्वंभरचे कान तापले. त्याला स्वतःचाच राग आला, आणि ह्या वेळी तो खरा होता. पाटीतला सगळ्यांत हिरवा बटाटा त्याने उचलला आणि तोंडाशी नेला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"आन् हे काय?"

"मी पिकवलं, मीच खातो."

बाबांनी बटाटा त्याच्या मुठीतून सोडवून घेतला. बटाट्याच्या एकेका डोळ्यावरून अंगठा फिरवत बसले... बाहेर अंगणात बायका उद्यासाठी चुली मांडत होत्या.

"लोकांना उद्या काय वाढू, बाबा?"

"रताळी हायत की. माती लागलीया, धुवून घे."

विश्वंभर उठला. दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पुढचं विचारायला त्याला धीर होत नव्हता.

"आणि हे बटाटे? उकिरड्यावर...? आणि मी?"

बाबांनी हातातला बटाटा पाटीत ठेवला आणि पाटी कोपऱ्यात, सावलीला सरकवली.

"चावू बी नगं, टाकू बी नगं. पावसाळ्याला मातीत लावाया बेणं लागंल."