राणीचा आक्रोश

“मग राणीचा आक्रोश कुठे गेला, तानी?”

वेसेलने छापखान्यातून आलेले कच्चे कागद टेबलावर ठेवले.

अलेटा तानी कॉफी ओतत होत्या. वडीलधाऱ्या बाईला तिकडे ‘तानी’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कोरड्या माळावर त्यांचं घर होतं. आफ्रिकान्समध्ये कविता लिहायच्या, जुनी ग्रीक नाटकं त्याच भाषेत आणायच्या. वेसेल त्यांचा शिष्य. आता तो विद्यापीठात ग्रीक शिकवायचा, आणि नव्या भाषांतराला प्रस्तावना त्यानेच लिहायची होती.

“मुलाचं प्रेत समोर आणतात तेव्हा मूळ नाटकात राणी किंचाळते. तुमच्याकडे तिथे कोरी जागा आहे.”

“आहे.”

“का?”

“साखर घे.”

टाळतायत, वेसेलने ताडलं. संशय जुनाच होता. तानी ग्रीक शिकल्या त्या चाळिशीत, घरच्या घरी. जर्मन भाषांतरावरून तर उतरवत नसतील? जिथे अडलं, तिथे गाळलं...

“मूळ वाच बरं,” तानी म्हणाल्या.

त्याने वाचलं. एक मात्रा ढळली नाही.

“पुन्हा.”

स्वतःला वाचता येत नाही, म्हणून माझ्याकडून वाचून घेतायत! त्याने पुस्तक मिटलं.

“आता तुम्ही म्हणा.”

तानींनी किटली खाली ठेवली आणि म्हणू लागल्या. ग्रीक. तोंडपाठ. दूताचं अडखळत बोलणं, दासींची विचारपूस, चौघांच्या खांद्यावरून आत येणारा मुलगा...

आक्रोशाच्या ओळीपाशी त्यांचं तोंड उघडलं.

...

आवाज आला नाही. ओठ तसेच उघडे. गळ्याची शीर ताठ. बाहेर पवनचक्की करकरत होती.

तानींचा मुलगा सीमेवरच्या लढाईत मारला गेला, हे वेसेलला ठाऊक होतं. त्याचा ग्रीकशी काही संबंध असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

की हाही अभिनयच?

“विसरलात?” त्याने विचारलं. पण विचारताना त्याचाच आवाज चिरकला.

तानींनी तोंड मिटलं. कप त्याच्यापुढे सरकवला.

“नाही.”

“मग प्रस्तावनेत काय लिहू? ही ओळ भाषांतरात नाही, असं?”

“लिही की. फक्त आत्ता त्या ओळीपाशी तू जे ऐकलंस, ते ग्रीक होतं की आफ्रिकान्स... तेवढं आधी ठरव.”